लिहिलेला माणूस

डॅन्यूब नदीच्या मुखाशी, सीमेवर वसलेल्या लेताव्का गावात बंदीचा मासा मारायचा की नाही यावर पुष्कळ वाद होत, पण पकडलं गेल्यावर गुन्हा कोणी कबूल करायचा यावर कधीच वाद झाला नाही. ते ठरलेलं होतं. ज्याचं नाव एकदा कोर्टाच्या कागदावर चढलं त्याला गाव 'लिहिलेला' म्हणे, आणि त्याच्या होडीवर पुन्हा संकट आलं की त्यानेच पुढे व्हायचं.

गावकऱ्यांचा हिशेब सरळ होता. शिक्षा झाली की मासेमारीचा परवाना जातो. ज्याचा गेलाच आहे त्याचं आणखी काय जाणार? मग दुसऱ्या घराच्या चुलीत पाणी कशाला ओतायचं? लिहिलेला माणूस आत गेला की होडीवरचे बाकीचे त्याच्या घरी पीठ, तेल आणि लाकूडफाटा पोचवत, आणि यात कोणी कुचराई करत नसे. म्हाताऱ्यांना या रिवाजाचा मोठा अभिमान. कायद्याला हा हिशेब कसा दिसतो हे मात्र सबंध गावात कोणी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, कायदा म्हणजे वरून येणारी पीडा, ती काय हिशेब करून येते का, असं त्यांचं मत.

उल्यानाचा नवरा कोंद्रात हा तेरेंतीच्या होडीवरचा लिहिलेला माणूस, आणि तेरेंती हा उल्यानाचा सख्खा थोरला भाऊ. तेव्हा या रिवाजाची दोन्ही टोकं तिच्याच घरात होती.

उल्याना ठेंगणी, मजबूत हाताची बाई. अर्ध्या गावाची फाटकी जाळी तिच्या ओसरीवर येऊन पडत आणि ती माणसांशी बोलणार नाही इतकं त्या जाळ्यांशी बोले. "कुठे गेलं होतंस मरायला," असं म्हणत ती एकेक भोक सांधायची. माणसांसमोर मात्र ती मोजकंच बोलत असे. तिचं हे गप्प राहणं गावाला फार आवडायचं. गप्प बाईचं कौतुक करायला कोणाचं काय जातं?

पहिल्या वेळी चूक खरोखरच कोंद्रातची होती. तरुण होता, डोक्यात हवा होती. डॅन्यूबमधल्या बेलुगा माशावर नुकतीच बंदी आलेली, आणि हा त्याची काळी गाभोळी तुल्चा शहरातल्या एका हॉटेलवाल्याला विकताना सापडला. जज्जने एक वर्षाची शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवली आणि घरी पाठवलं. दुसऱ्या वेळी गळ तेरेंतीचे होते आणि मासाही तेरेंतीचाच. कोंद्रात रिवाजाप्रमाणे पुढे झाला आणि दीड वर्ष आत जाऊन बसला. गाव म्हणालं, जज्ज खाष्ट भेटला, नशीब. उल्यानानेही तेच मानलं. भावाने आणून दिलेलं पीठ तिने घेतलं, लाकडं घेतली आणि वर त्याला वाकून 'देव तुझं भलं करो' असंही म्हणाली.

तिसरी वेळ आली ती एका शनिवारी. शनिवारी संध्याकाळी लेताव्कात घरोघर बान्या तापतो. वाफेच्या त्या लाकडी खोलीत अंग लाल होईस्तोवर शेकायचं, ओल्या डहाळ्यांनी एकमेकांची पाठ झोडपायची, धुतलेला सदरा घालून कमरेला पट्टा बांधायचा आणि देवळात जायचं. बान्यानंतर पाण्यावर जाणारा माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. तेरेंतीच्या मनात आलं, हे सीमा पोलिसांनाही ठाऊक असणार, तेही त्या वेळी हातपाय ताणून बसत असणार. म्हणून सर्दीचं निमित्त करून त्याने बान्या चुकवला. देवळाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, त्या बायकोच्या हाती देऊन तो एकटाच होडी घेऊन गेला. पोलीस हातपाय ताणून बसले नव्हते.

रविवारी प्रार्थनेनंतर तो बहिणीच्या घरी आला. कोपऱ्यातल्या मूर्तिचित्रांसमोर जुन्या पंथाच्या रीतीने दोन बोटांनी छातीवर क्रूस काढला, वाकला आणि टेबलाशी बसला.

"काल सापडली," तो म्हणाला.

"होडी?" कोंद्रातने विचारलं.

"होडी, गळ, मासा, सगळं. मी काठच्या बोरूच्या बेटात उडी टाकली आणि छातीभर पाण्यातून चालत आलो."

"तोंड पाहिलं कोणी?"

"पाठ पाहिली नुसती. पाठ काय, तुझी माझी सारखीच."

उल्याना चहा ओतत होती. तिने कप जरा जोरातच खाली ठेवला. "तुझी पाठ याच्या दुप्पट आहे, दादा. आणि शनिवारी संध्याकाळी याची पाठ बान्यात होती. मीच झोडपत होते."

"ते गावाला ठाऊक आहे गं. पोलिसाला कोण सांगायला चाललंय?" तेरेंती तिच्याकडे न बघताच म्हणाला. मग कोंद्रातला म्हणाला, "उद्या जाऊन सांग, होडी न विचारता नेली होती म्हणून. घरची काळजी करू नकोस. पीठ मी आत्ताच दळायला टाकलंय."

कोंद्रातने दाढीवरून हात फिरवला आणि 'बरं' म्हणाला. बस, एवढंच. एखाद्याला शेजारच्या गावातून खिळे आणायला सांगावं तसं ते दोन मिनिटांत ठरलं. पीठ आधीच दळायला टाकलंय, हे मात्र उल्यानाच्या मनात जे रुतलं ते निघेना.

पोलिसांना कोंद्रातची कबुली सोयीचीच होती. कागदावर आधीपासून नाव असलेला माणूस स्वतःच्या पायाने येतो, मी केलं म्हणतो. कोण कशाला खोदत बसेल? सुनावणीची तारीख पडली. सरकारने एक वकील दिला. कोंद्रात त्या वकिलाला भेटायलाही गेला नाही, म्हणून उल्याना तुल्चाला गेली. सकाळच्या बोटीने, मिठातल्या माशांची बरणी शालीखाली धरून.

वकील निघाली बाई. विश्तेआ नावाची, करड्या केसांची, सतत घाईत असलेली. तिने बरणी बाजूला सारली, चष्मा वर चढवला आणि कागद चाळले.

"तुमचा माणूस तर जुनं गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तो पुढे झाला," उल्याना म्हणाली. "त्याचं आणखी काय बिघडणार?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कोणी सांगायला कशाला हवं? आमच्यात तसंच करतात."

"मग तुमच्यात उलटं करतात," वकीलबाई म्हणाल्या. "नीट ऐका. पहिल्या वेळी एक वर्ष स्थगित झालं होतं ना? स्थगित म्हणजे माफ नव्हे, बाई. ते डोक्यावर टांगलेलं राहतं. मुदतीच्या आत दुसरा गुन्हा केला की खाली पडतं. दुसऱ्या वेळी दीड वर्ष झालं, त्यात नव्या गुन्ह्याचे सहाच महिने होते. उरलेलं वर्ष जुनंच, वरून पडलेलं."

"जज्ज खाष्ट होता म्हणून नाही?"

"जज्ज बिचारा मवाळ होता. सहा महिन्यांपेक्षा कमी काय देणार?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आता हा आत जाऊन आलेला माणूस. सुटल्यावर ठरावीक वर्षं नीट राहिला असता तर जुनं सगळं पुसलं गेलं असतं. ती वर्षं भरायच्या आत हा पुन्हा म्हणतो, मी केलं. आता शिक्षेची खालची आणि वरची, दोन्ही टोकं दीडपट होणार. आणि स्थगिती नाहीच. जज्जच्या मनात असलं तरी नाही."

"किती?"

"तीन वर्षं धरून चाला. चारही होतील."

उल्यानाने बोटांवर वर्षं मोजली. मग तिने विचारलं, "आणि हाच मासा, हीच होडी, पण कबूल करणारा आजवर कधी कोर्टात न आलेला असेल तर?"

"पहिलीच वेळ? शिक्षा होईल, पण बहुतेक स्थगित. महिन्यातून एकदा हजेरी, थोडं गावाचं फुकट काम, आणि रात्री आपल्या गादीवर झोप." वकीलबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आहे का असा कोणी?"

उल्यानाला हसू आलं. हसण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिला इतका संताप आला होता की दुसरं काही करताही येईना. सबंध गाव वर्षानुवर्षं त्याच माणसाला पुढे ढकलत आलं होतं, ज्याच्यावर कायदा सगळ्यात जोरात पडतो. आणि हे करून पुन्हा छाती फुगवून फिरत होतं.

"आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ."

घरी येऊन तिने कोंद्रातला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्याकडे नव्हता.

"मी शब्द दिलाय," तो शेवटी म्हणाला.

"शब्द देताना चार वर्षं द्यायची आहेत हे ठाऊक होतं का तुला?"

"ठाऊक असतं तरी दिला असता. आता मागे फिरलो तर गावात तोंड दाखवता येईल का मला?"

"चार वर्षं तुला ते दाखवायचंच नाहीये, मग कसली काळजी?" उल्याना म्हणाली.

यावर तो रागावून बाहेर निघून गेला. असा भला माणूस रागावला की फार वाईट, त्याला समजावताही येत नाही आणि त्याच्याशी भांडताही येत नाही. उल्यानाला त्याचा राग आला आणि त्याच्यावर मायाही आली. पण तिने ठरवलं ते ठरवलं. हा आत जाणार नाही. त्याला वाचायचं नसेल तर न वाचो, ती त्याला वाचवणार होती.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. तेरेंती मेणबत्त्यांच्या घडवंचीवरचं वाळलेलं मेण सुरीने खरवडत होता.

"दादा, तू कबूल केलंस तर कोणीच आत जात नाही," तिने सरळच सुरुवात केली. "त्याने केलं तर तो तीन-चार वर्षं जातो. वकीलबाईंनी फोडून सांगितलंय."

"वकिलांचं काय ऐकतेस? मासा तोच, होडी तीच. मग एकाला एक आणि दुसऱ्याला भलतंच, असं कसं होईल?"

"मासा तोच आहे, माणूस तो नाही. पहिल्यांदा सापडलेल्याला ते एकदा सांभाळून घेतात. एकदाच. तू तुझी ती एक वेळ पेटीत घालून कुलूप लावलंस, आणि माझ्या नवऱ्याच्या जवळ नाहीत त्या वेळा उधळत बसलास."

तेरेंतीची सुरी थांबली. "माझा परवाना जाईल, उल्या. या वयात काय करू मी? बोरू कापू?"

"कोंद्रात कापतोच आहे की. त्याच्या हातांना काही वेगळी कातडी नाही."

तो पुन्हा मेण खरवडू लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते गं. मी त्या लोकांपुढे कधी उभा राहिलेलो नाही. मला नाही जमायचं ते."

याच भावाने उल्यानाला वल्हं धरायला शिकवलं होतं. सबंध गाव ज्याला खांब समजत होतं तो आतून असा होता, आणि हे बहुधा तिच्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. पण क्षणभरच.

"तुला भीती वाटते म्हणून तो चार वर्षं बसणार नाही," ती म्हणाली. "सुनावणीच्या आधी तू जाऊन सांगितलंस तर तुझ्याच फायद्याचं. नाही सांगितलंस तर मी सांगेन, भर कोर्टात. पाठीमागून वार करायचा नव्हता म्हणून आले."

"सख्ख्या भावाचं नाव घेशील?"

"घेईन."

तेरेंती गेला नाही. सुनावणीच्या दिवशी मात्र होडीचा मालक म्हणून त्याला हजर राहावंच लागलं. तो आणि त्याची बायको अगाफ्या शेवटच्या बाकावर बसले. कोंद्रात पुढे, धुतलेल्या सदऱ्यात, लग्नाला आल्यासारखा. बायको साक्ष देणार हे त्याला तिथे कळलं. वकीलबाईंनी अर्ज त्याला न विचारताच केला होता. त्याने उल्यानाकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर खाली बसली असती.

उल्याना उभी राहिली. शपथेचं निघालं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या धर्मात शपथ घेत नाहीत. मी खरं बोलेन, एवढं चालेल का?" चालेल, असं जज्जने सांगितलं. जज्ज मध्यमवयीन, थकलेल्या डोळ्यांचा माणूस होता. त्याने चष्म्यावरून पाहत तिला समजावलं, "तुम्ही आरोपीची पत्नी आहात. होडीमालकाची बहीण आहात. कायद्याने तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे. कोणी तुमच्यावर सक्ती करू शकत नाही."

"साहेब, मागच्या वेळी मी गप्प राहिले," उल्याना म्हणाली. "आता तो हक्क मला नको."

मग तिने सांगितलं. शनिवार, बान्या, डहाळ्या. सरकारी वकिलाने विचारलं, आरोपी मधेच उठून गेला नसेल कशावरून. ती म्हणाली, "उघड्या अंगाने, वाफेतून, मार्चच्या थंडीत? त्याचे कपडे माझ्या हातात होते." मागे कोणीतरी हसलं. उल्याना हसली नाही. होडी कोणी नेली होती हे तिने नाव घेऊन सांगितलं आणि नाव घेताना आवाज खाली आणला नाही. गावचा रिवाजही सांगितला, पिठासकट. "मासे आम्हीही खाल्लेत, साहेब," ती शेवटी म्हणाली. "मी काही कोणी संत नाही. पण जो घरात होता तो तुरुंगात जाऊ नये, एवढंच मला म्हणायचंय."

जज्ज कोंद्रातकडे वळला. "तुम्ही कबुली दिली आहे. तुमची पत्नी म्हणते तुम्ही तिथे नव्हता. मग तुमची पत्नी खोटं बोलतेय का?"

कोंद्रात उभा राहिला. त्याने तयारी करून आणलेलं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं होतं. होडी मी नेली, मासा मी मारला, हे तो शंभर वेळा म्हणू शकला असता. हा प्रश्न कोणी विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे तेरेंती मान खाली घालून बसला होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विनवणीचं नावही नव्हतं.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "ती खोटं बोलत नाही. खोटं मी बोललो."

पुढचं सगळं कायद्याच्या चालीने, म्हणजे गोगलगाईच्या चालीने झालं. कोंद्रातला जज्जने खरमरीत सुनावलं. खोट्या कबुलीचं वेगळं प्रकरण होतं की काय ही धास्ती काही महिने राहिली आणि मग ते गुंडाळलं गेलं. तेरेंतीवर खटला उभा राहिला आणि शेवटी त्याने कबुली दिली. अगाफ्याने उल्यानाशी बोलणं टाकलं. देवळात बायका तिच्या शेजारची जागा मोकळी सोडू लागल्या. तिच्या ओसरीवर येणारी जाळी कमी झाली. उल्याना त्या मोकळ्या जागेत ऐसपैस उभी राहून प्रार्थना म्हणे. वाईट वाटायचं तिला, फार वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप एका दिवसाचाही झाला नाही.

निकालाच्या दिवशी ती आणि कोंद्रात तुल्चाला गेले. कोंद्रात येणार नाही असं तिला वाटलं होतं, पण तो आपणहून बोटीवर चढला. तेरेंती गाठोडं बांधून आला होता. लोकरीचे मोजे, पाव, साबण, मेंढीच्या कातड्याचा अंगरखा. आपण कबुली उशिरा दिली, तेव्हा आपल्याला काही सोडत नाहीत, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. रात्रभर अगाफ्या रडली असावी, तिचे डोळे सुजले होते.

दोन वर्षं, स्थगित. परवाना रद्द. महिन्यातून एकदा हजेरी. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं आणि शिपायाने त्यांना दाराकडे हात दाखवला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तेरेंती गाठोडं छातीशी धरून उभा राहिला. कुठे जायचं हे त्याला सुचेना. "म्हणजे मी आता घरी जायचं?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे.

"घरी जा, दादा," उल्याना म्हणाली.

कोंद्रात दोन पायऱ्या वर होता. तो खाली उतरून तेरेंतीच्या समोर आला आणि त्या गाठोड्याकडे बघत राहिला.

"त्या दुसऱ्या वेळी तू पुढे झाला असतास," तो म्हणाला, "तर तू असाच घरी आला असतास."

तेरेंतीने गाठोडं खाली ठेवलं.

"आणि मीही घरीच असतो." कोंद्रातच्या बोलण्यात राग नव्हता. आपलं आपणच काहीतरी जुळवत असल्यासारखा तो थांबत थांबत बोलत होता. "ते दीड वर्ष. कोणालाच जावं लागलं नसतं."

उल्यानाने हे वकीलबाईंच्या टेबलासमोर बसल्या बसल्याच ओळखलं होतं. बाकी सगळं तिने नवऱ्याला सांगितलं होतं, एवढं सोडून. आता ते त्याला त्याचं कळलं होतं. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत तिने त्याचा हात धरला.